बसमधली राखीव सीट: मागायची कशी, द्यायची कशी?

पाऊलखूण (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण कालची गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

माझा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. अपघातात गेला, सहा वर्षं झाली. पँट घातली की कुणाला काही कळत नाही, चालही आता बऱ्यापैकी सरळ झालीये आणि एरवी मला त्याचा आनंदच असतो. बसमध्ये मात्र नेमकं तेच आड येतं. बस हलली की तुमचा घोटा आपोआप तोल सावरतो, बोटं खाली रोवली जातात, तुम्हाला कळतसुद्धा नाही. माझ्या डाव्या बाजूला हे काहीच होत नाही, म्हणून सगळा भार उजव्या पायावर आणि दांडा धरलेल्या हातावर येतो. त्यात संध्याकाळपर्यंत सॉकेटमध्ये (कृत्रिम पायाची जी वाटी उरलेल्या पायावर घट्ट बसते ती) घाम साचलेला असतो, कातडी घासून लाल झालेली असते, अशात अर्धा तास उभं राहिलं तर फोड येतो आणि फोड आला की पुढचे तीन-चार दिवस पाय चढवताच येत नाही, सगळं काम सोडून घरी बसायचं.

काल बस भरलेली होती. पुढच्या दाराजवळ दोन राखीव सीट, एकीवर पिशवी मांडीवर घेतलेल्या मावशी आणि दुसरीवर विशीतला एक मुलगा, कानात इअरफोन, डोळे मिटलेले. मी शेजारी उभी. मनातल्या मनात वाक्य जुळवत चार स्टॉप गेले. शेवटी म्हटलं, "दादा, जरा बसायला देता का, माझ्या पायाला त्रास आहे." त्याने डोळे उघडले, माझ्या पायांकडे बघितलं, दोन्ही बूट बघितले आणि विचारलं, "काय झालंय पायाला?" वाईट सुरात नाही, साध्याच. पण तेवढ्याने पुढची सगळी बस माझ्या पायांकडे बघायला लागली आणि मी वाकून पँट वर केली.

तो ताडकन उठला, सॉरी म्हणाला, चेहरा पार उतरला त्याचा. मी बसले आणि माझा स्टॉप येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत होते. त्या मुलावर मला रागही धरता येत नाहीये. पण मी पँट का वर केली? मला तर कुणीच सांगितलं नव्हतं.

ज्यांना सीट लागते त्यांना विचारते, तुम्ही कशी मागता? आणि जे त्या सीटवर बसलेले असतात त्यांना विचारते, तेव्हा मनात काय चालू असतं? खरंखुरं लिहा, मी कुणाला बोल लावायला विचारत नाहीये.

कंदील

वाचून गलबलून आलं गं. अख्खी बस बघत असताना प्रश्न आला की माणूस पटकन उत्तर देऊन मोकळा होतो, तुझं तेच झालं, त्यासाठी स्वतःला खात बसू नकोस.

शेवटची_सीट

माझं म्हणणं सगळ्यांना आवडणार नाही, पण खरं विचारलंय म्हणून खरं लिहितो. मी त्या मुलाच्या जागी शंभरदा बसलोय. माझं दहा-अकरा तास उभ्याने काम असतं, बसमध्ये शिरलो की जी सीट रिकामी दिसेल तिच्यात अंग टाकतो, वरचा बोर्ड वाचत नाही. डोळे मिटले की खरंच झोप लागते, सोंग नसतं ते. मग कुणीतरी बाजूला उभं राहून नुसते सुस्कारे सोडतं, नाहीतर शेजारच्याला ऐकू जाईल असं "आजकालची पोरं" वगैरे सुरू करतं, तेव्हा उठायचं मनात असलं तरी डोकं फिरतं. सरळ खांद्याला हात लावून उठवा ना. सरळ विचारलेल्या एकालाही मी आजवर नाही म्हटलेलं नाही.

आणि हो, पायाला काय झालंय हे मीही विचारलं असतं बहुतेक, काळजीनेच. ते समोरच्याला असं लागत असेल हे मनात आलं नव्हतं.

राखीव सीट रिकामी असेल तर बसायचंच नाही का, हे पण सांगा.

पाऊलखूण

@शेवटची_सीट, मनापासून लिहिलंत, बरं वाटलं. रिकामी असेल तर खुशाल बसा, माझं तरी काही म्हणणं नाही. फक्त त्या सीटवर बसलात तर स्टॉप आला की एकदा डोळे उघडून दाराकडे बघा एवढं करा. कारण तुम्हाला उठवणं हेच आमच्यासाठी सगळ्यात अवघड काम असतं. झोपलेल्या अनोळखी माणसाच्या खांद्याला हात लावायचा, त्यात मी बाई, तो पुरुष, तो काय समजेल, ओरडेल का, आणि एवढं करून कारण सांगायचं ते वेगळंच. मी मागणं टाळून फोड सहन केलेत, अगदी कितीतरी वेळा.

पांढरी_काठी

मी पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचतो आणि लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझं प्रकरण धागालेखिकेच्या बरोबर उलटं आहे. तिचं कुणाला दिसत नाही आणि माझी काठी सगळ्यांना लांबूनच दिसते, त्यामुळे मला सीट न मागता मिळते, कधीकधी नको असताना मिळते. बसमध्ये पाय ठेवला की दोन-तीन हात येतात, एक दंड धरतो, एक पाठीला रेटतो, कुणी काठीच पकडून ओढतं (काठी ओढणं म्हणजे डोळस माणसाच्या डोळ्यांवर एकदम हात ठेवण्यासारखं आहे, कृपा करून नका करू) आणि मला सीटमध्ये कोंबतात. हेतू चांगला असतो हे मला कळतं, म्हणून मी कुणावर खेकसत नाही. पण मला उभं राहता येतं. बऱ्याचदा मला दोन स्टॉपवर उतरायचं असतं आणि मी दाराजवळचा दांडा धरून उभा राहिलो तर उतरणं सोपं जातं.

मला खरी गरज असते ती माहितीची. ही बस कुठल्या नंबरची, हे स्टॉपवर कुणी सांगितलं तर फार मोठं काम होतं, कारण एका मागे एक तीन बस लागल्या की मला दारात जाऊन विचारेपर्यंत तिन्ही निघून जातात. आत स्टॉपची घोषणा होत असेल तर मी राजा. ती यंत्रणा असूनही कुणीतरी आवाज बंद केलेला असतो, मग मी वळणं मोजत बसतो आणि रस्ता खोदलेला असला की मोजणी चुकते. म्हणून मला पुढची सीट लागते ती पायांसाठी नाही, ड्रायव्हरला किंवा कंडक्टरला स्टॉप विचारता यावा म्हणून लागते. राखीव सीट पुढे असण्याचं हेही एक कारण आहे, ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

सीट द्यायची असेल तर असं करा. आधी तोंडाने विचारा, "बसणार का?" हो म्हटलं तर तुमचं कोपर पुढे करा, मी ते धरतो आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. सीटशी आलो की माझा हात सीटच्या पाठीवर नेऊन ठेवा, बाकीचं माझं मी बघतो. आणि जाताना "मी निघतो" एवढं सांगा, नाहीतर मी रिकाम्या जागेशी बोलत बसतो आणि मग कुणीतरी हसतं.

नको म्हटलं तर राग मानू नका. मी नाही म्हटलं म्हणून पुढच्या काठीवाल्याला विचारायचं सोडू नका.

सकाळची_थंडी

मी इथे जरा घाबरतच लिहितेय. मी ती आहे जी राखीव सीटवर बसते आणि उठत नाही.

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (संधिवाताचा एक प्रकार) आहे. वय छत्तीस. बाहेरून एकदम धडधाकट दिसते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं वळत नाहीत, आणि नेमकी माझी बस त्याच वेळेची. वरचा दांडा धरायला हात उचलला तर खांद्यातून कळ येते, धरला तर मूठ मिटत नाही. म्हणजे उभं राहायचं तर काहीही न धरता. दुपारी हीच मी दोन जिने चढून जाते, त्यामुळे ज्यांनी मला दुपारी बघितलंय त्यांना सकाळची मी खोटी वाटते.

मागे एकदा एक कुबड्या घेतलेले काका चढले. अख्ख्या बसने माझ्याकडे बघितलं. कुणी बोललं, "ताई, दिसत नाही का, उठा की." मला तोंडातून शब्द फुटेना. मी उठले. काका बसले, त्यांनी मला आशीर्वाद दिला आणि पुढच्या ब्रेकला मी सरळ कुणाच्यातरी अंगावर गेले, मनगट सुजलं ते तीन आठवडे. काकांची काही चूक नव्हती, बोलणाऱ्याचीही तशी नव्हती. पण मागच्या साध्या सीटवर बसलेल्या वीस जणांपैकी एकजण उठला असता तर आम्ही दोघंही बसलो असतो, हे त्यातल्या एकालाही सुचलं नाही. राखीव सीट चार म्हणून गरजू माणसं पण चारच, आणि बाकीच्या सीटवरच्यांचा विषयच नाही, असंच धरून चालतात लोक.

कंदील

+१ सकाळची_थंडी. शेवटचा मुद्दा तर अगदीच. मी मागच्या सीटवर बसणारी आहे आणि पुढे कुणी उभं असेल तर "तिथे राखीव आहेत ना, देतील कुणीतरी" असं म्हणून मोबाईल बघत राहिलेय. यापुढे हाक मारून बोलवीन.

जुनी_वही

या विषयाचा मागचा इतिहास थोडा सांगतो, कारण आज आपण सीट कुणी कुणाला द्यायची यावर बोलतोय पण मुळात बसमध्ये चढता यावं म्हणून माणसांना रस्त्यावर यावं लागलंय.

अमेरिकेत डेन्व्हर शहरात नव्या बस आल्या त्या व्हीलचेअर चढवायची लिफ्ट नसलेल्या. ५ जुलै १९७८ ला एकोणीस अपंग माणसं भर चौकात बसच्या पुढेमागे आपल्या व्हीलचेअर लावून थांबली आणि रात्रभर तिथून हलली नाहीत. "आम्ही बसने जाणार" ही त्यांची घोषणा. पुढे याच लोकांच्या चळवळीतून संघटना उभी राहिली, देशभर बस अडवणं चालू राहिलं आणि २६ जुलै १९९० ला अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्या कायद्याखालच्या वाहतुकीच्या नियमांत एक गोष्ट आपल्या धाग्याशी थेट जोडलेली आहे: अपंग प्रवासी चढला आणि त्याला ती सीट हवी असेल तर कर्मचाऱ्याने बसलेल्याला उठायची विनंती करायचीच, ते त्याचं काम आहे. पण ऐकलं नाही तर जबरदस्ती करायचं बंधन त्याच्यावर नाही.

मला यातला पहिला अर्धा भाग फार महत्त्वाचा वाटतो. विनंती प्रवाशाने करायची नसून ड्रायव्हर-कंडक्टरने करायची. पाऊलखूण, तुम्ही चढताना कंडक्टरला हळूच सांगितलं असतं आणि त्याने "राखीव सीट मोकळी करा हो कुणीतरी" अशी हाळी दिली असती तर तुमच्या पायाकडे कुणी बघितलंही नसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातही कलम ९ मध्ये वाहतूक इतरांच्या बरोबरीने वापरता आली पाहिजे असंच म्हटलंय. "बरोबरीने" हा शब्द मी स्वतः अधोरेखित करून ठेवलाय.

दोन_चाकं

व्हीलचेअरवाला बोलतोय. मला सीट नको, ती मी घरूनच घेऊन येतो. मला जागा हवी.

व्हीलचेअरची जी मोकळी जागा असते ना, ती लोकांना रिकामी वाटते. तिथे बॅगा ठेवतात, गाठोडी ठेवतात, बाळाची गाडी लावतात, आणि चार जण रेलून उभे राहतात कारण टेकायला मस्त गादी असते. ती गादी टेकायला नसते हो. बऱ्याच बसमध्ये व्हीलचेअर मागे तोंड करून त्या गादीला पाठ लावून उभी करतात, म्हणजे ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला की माझं सगळं वजन पाठीवरून गादीवर जातं, मी पुढे उडत नाही. मी आडवा किंवा दाराकडे तोंड करून कसातरी उभा राहिलो तर ब्रेकला खुर्ची फिरते आणि कुणाच्यातरी नडगीवर आदळते. म्हणून ती जागा पूर्ण रिकामी लागते, अर्धी चालत नाही.

जुनी_वहींनी अमेरिकेचं सांगितलं तर मी ब्रिटनचं सांगतो. डग पॉली म्हणून व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ आहेत. २०१२ साली ते बसने निघाले होते, व्हीलचेअरच्या जागेत एका आईने झोपलेल्या बाळाची गाडी लावलेली होती. ड्रायव्हरने हलवायला सांगितलं, ती म्हणाली गाडी घडी होत नाही, ड्रायव्हर गप्प झाला आणि पॉलींना ती बस सोडावी लागली. ते कोर्टात गेले, पाच वर्षं चाललं आणि जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसती एकदा विनंती करून सोडून देणं पुरेसं नाही. कुणी विनाकारण अडून बसलं असेल तर ड्रायव्हरने पुढचं काहीतरी केलं पाहिजे, शब्द कडक करावेत, गरज वाटली तर काही मिनिटं बस उभी ठेवावी. पण उचलून बाहेर काढा असं कोर्टानेही म्हटलं नाही.

त्या आईबद्दल मला राग नाही. झोपलेलं बाळ उठवायचं आणि सामान सावरायचं हे काय सोपं नसतं. माझ्या एका बसमध्ये असंच झालं होतं, तेव्हा शेजारच्या मुलीने बाळ घेतलं, एका काकांनी गाडी धरली आणि अर्ध्या मिनिटात जागा झाली. दोघांपैकी कुणालाच बस सोडावी लागली नाही. पण त्यासाठी तिसऱ्या माणसाने हलावं लागतं.

आणि एक, न विचारता खुर्ची ढकलू नका. खुर्ची माझ्या अंगाचाच भाग आहे.

गिअरबॉक्स

बावीस वर्षं शहर बस चालवली, आता निवृत्त. ड्रायव्हरची बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितो, आणि काही चुका कबूलही करायच्यात.

आम्हाला वेळेचं ओझं फार. दोन फेऱ्या उशिरा झाल्या तर उत्तर द्यायला लागतं. दार बंद झालं की पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जातो, बावीस वर्षांची सवय. चढलेला माणूस बसला की नाही हे आतल्या आरशात बघायचं असतं, पण गर्दीत तो आरसा म्हणजे नुसती डोकी दिसतात. एकदा एक आजी, हातात काठी, चढल्या, मी गाडी काढली, दुसऱ्या गिअरला हिसका बसला आणि त्या पायरीपाशी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. माझ्यावर काही कारवाई झाली नाही, पण तो आवाज अजून कानात आहे. त्या दिवसापासून मी काठी, कुबडी, पोटुशी बाई किंवा कडेवर पोर दिसलं की ते बसल्याशिवाय गाडी हलवली नाही. मागून शिव्या पडायच्या. पाच-सात सेकंद लागतात हो, जास्त नाही. तुम्ही सीट द्यायच्या गप्पा करताय ते बरोबरच आहे, पण सीट मिळेपर्यंतचे जे हे सेकंद आहेत त्यातच माणसं पडतात. तेव्हा प्रवाशांनी आवाज द्यायला हवा, "थांबा ड्रायव्हर, बसतायत." आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट मदत होते.

दुसरं म्हणजे गाडी फुटपाथला लावणं. लो फ्लोअर बस आली म्हणजे काम झालं असं लोकांना वाटतं. एअर सस्पेन्शनमधली हवा सोडली की दाराकडची बाजू खाली बसते, रॅम्प टाकता येतो, सगळं खरं. पण मी गाडी फुटपाथपासून दोन हात लांब लावली तर प्रवाशाला आधी रस्त्यावर उतरायचं आणि मग पुन्हा चढायचं, रॅम्पचा चढही उभा होतो, मग त्या यंत्राचा काय उपयोग? आणि मी लांब का लावतो, तर स्टॉपवर रिक्षा आणि दुचाक्या उभ्या असतात. म्हणजे जो माणूस "दोनच मिनिटं" म्हणून स्टॉपवर गाडी लावतो तोसुद्धा अपंग माणसाची सीट अडवतोय, बसमध्ये न चढता.

तिसरं, राखीव सीट पुढच्या भागात का, हे. मागच्या चाकांच्या मागे गाडी जास्त उसळते, मणक्याला हिसके बसतात. लो फ्लोअरमध्ये चाकांवरच्या सीट पायरीवर असतात, तिथे कडक गुडघ्याचा माणूस चढू शकत नाही. म्हणून सपाट मजल्यावरच्या ज्या थोड्या सीट असतात त्यावर बोर्ड लावतात. धडधाकट माणसाला मागची उंच सीट चालते, यांना चालत नाही.

पांढरी_काठी

@गिअरबॉक्स काका, आजींचं लिहिलंत ते लिहायला सोपं नसणार. थँक्यू.

उंबरठा

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे त्याला. त्याला बसायला लागतं, आणि शक्यतो खिडकीशी, कारण गर्दीत चारी बाजूंनी अंगं लागली की तो कान झाकून ओरडायला लागतो. मग लोक म्हणतात एवढा मोठा घोडा आणि बसायला पाहिजे, आईने लाडावून ठेवलंय. मी एका दमात सगळ्यांना काय काय समजावू?

इथे कुणीतरी बिल्ल्याचा विषय काढेल म्हणून मीच काढते. लंडनमध्ये २०१७ पासून निळा बिल्ला मिळतो, त्यावर "कृपया मला बसायला जागा द्या" एवढंच लिहिलेलं असतं, आजाराचं नाव नाही, काही नाही. टोकियोने २०१२ मध्ये लाल रंगाचा टॅग काढला, त्यावर पांढरी फुली आणि हृदय, बॅगेला लटकवायचा. आणि सूर्यफुलांची हिरवी फीत, ती २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या गॅटविक विमानतळावरून सुरू झाली, न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी, आता बऱ्याच देशांत चालते.

मला सांगा, हे चांगलं की वाईट? एक मन म्हणतं रोजचं समजावणं तरी वाचेल. दुसरं मन म्हणतं माझ्या लेकराच्या गळ्यात मी पाटी का अडकवू, उद्या कुणी त्याच पाटीवरून चिडवलं तर?

सकाळची_थंडी

मला हवाय असा बिल्ला. उद्या मिळाला तर उद्या लावीन, आणि सकाळीच लावीन, दुपारी काढून ठेवीन. त्या दिवशी छातीवर काहीतरी असतं तर मला तोंड उघडावं लागलं नसतं.

पाऊलखूण

मला नकोय. सहा वर्षं चाल सरळ करण्यात घालवली ती नजरा चुकवायला. पण उंबरठाताई, बिल्ला लावणाऱ्याने लावावा आणि न लावणाऱ्याचंही शब्दावर खरं मानावं, दोन्ही एकत्र चालू शकेल की. भीती एवढीच वाटते की बिल्ला निघाला की उद्या मला विचारतील, "बिल्ला कुठाय तुमचा?" म्हणजे पँट वर करण्याच्या ऐवजी बिल्ला दाखवायचा. कुणी म्हणालं मला बसायची गरज आहे तर तेवढ्यावर उठायचं, एवढंच व्हावं असं वाटतं. दहात एखादा खोटं बोलेलही. बोलू दे. त्या एकाला पकडण्यासाठी बाकी नऊ जणांना रोज पाय दाखवायला लावणं मला कबूल नाही.

रातकिडा

मला वाटतं या राखीव सीटच बंद कराव्यात आणि सगळ्याच सीट राखीव आहेत असं जाहीर करावं. मग मागच्यांना पळवाट राहणार नाही, सकाळची_थंडीने म्हटलं तसं कुणीही उठेल.

जुनी_वही

@रातकिडा, कल्पना चांगली आहे आणि करून बघितलेली आहे, बसमध्ये नाही, रेल्वेत. जपानमध्ये राखीव सीटची सुरुवात १९७३ मध्ये झाली, "सिल्व्हर सीट" म्हणायचे, मुख्यतः वयस्कर आणि अपंगांसाठी. १९९९ मध्ये हांक्यू या खासगी रेल्वेने वेगळ्या सीट काढून टाकल्या, सगळ्याच सीट प्राधान्याच्या केल्या. २००७ मध्ये त्यांना पुन्हा वेगळ्या सीट आणाव्या लागल्या, कारण लोक उठतच नव्हते अशा तक्रारी. योकोहामाच्या मेट्रोनेही २००३ मध्ये सगळ्या सीट प्राधान्याच्या केल्या होत्या, नंतर त्यातल्याच काही जास्त प्राधान्याच्या म्हणून ठरवाव्या लागल्या.

बोर्ड असलेली सीट मागायला निदान एक आधार असतो, हात दाखवता येतो. तो आधार गेला तर मागणाऱ्याची पंचाईत आणखी वाढते.

रातकिडा

हे माहीत नव्हतं. मग बोर्ड राहू दे, आणि मागच्यांनीही उठावं.

दोन_चाकं

बोर्डावर फक्त व्हीलचेअरचं चित्र असतं ना, त्याचाही घोळ आहे. व्हीलचेअरवाला त्या सीटवर बसतच नाही बहुतेक वेळा! चित्र बघून लोकांना वाटतं खुर्चीवरचा कुणी दिसला तर उठू. त्याजागी साध्या शब्दांत लिहावं, "प्रत्येक अपंगत्व डोळ्यांना दिसतंच असं नाही, मागितलं तर कारण न विचारता जागा द्या." दोन ओळी. मी आमच्या बसवाल्यांना लिहून पाठवलंय, उत्तर आलं तर इथे टाकतो.

शेवटची_सीट

परत आलो. काल आणि आज दोन्ही दिवस स्टॉप आला की डोळे उघडून बघितलं, राखीव सीटवर नव्हतो तरी. आज एक बाई चढल्या, एक हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हातात तिकिटाचे पैसे, म्हणजे धरायला हातच नाही. हे मला आधी कधी दिसलंच नसतं. मी "बसा" म्हणून उठलो, पण झालं काय की मी उठून दाराच्या बाजूला उभा राहिलो, त्या आत शिरायला लागल्या, मागून लोंढा आला, आणि मध्येच एक कॉलेजचा पोरगा बसून मोकळा! त्याला उठवण्यात आणखी एक स्टॉप गेला. नेमकं कसं उठायचं असतं? हसू नका, खरंच विचारतोय.

पाऊलखूण

हसत नाहीये, हे कुणी विचारतच नाही म्हणून तर घोळ होतो. आधी उठू नका. बसल्या जागेवरूनच त्यांच्याकडे बघून सांगा की तुम्ही या, मी उठतोय. त्या सीटपाशी आल्या आणि दांडा धरला की मग उठा, आणि दाराकडे न जाता बसच्या मागच्या बाजूला सरका, म्हणजे पुढून यायची वाट मोकळी राहते आणि मागचा लोंढा तुमच्या पाठीने अडतो. पायाचा त्रास असलेलं कुणी असेल तर खिडकीची सीट देऊ नका, तुम्हीच खिडकीकडे सरका किंवा शेजारच्याला सरकायला सांगा. मला गुडघा वाकवून दोघांच्या मधून आत जायला जमत नाही, आणि उतरताना तर त्याहून नाही. आणि शक्य झालं तर बस थांबलेली असतानाच हे सगळं करा, चालत्या बसमध्ये माझी तीन पावलंसुद्धा जास्त होतात.

शेवटची_सीट

मागच्या बाजूला सरकायचं. कळलं. उद्या सकाळची बस आहे, लक्षात ठेवतो.